हिरड्याखालून आलेलं काम

१

आमचं ऑफिस आळेफाट्याला, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आहे. खाली कॉम्प्रेसर फुसफुसत असतो, समोर नाशिककडं वळणारे ट्रक करकचून ब्रेक मारतात, आणि वर मी आणि एक जुना सर्व्हर. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी आम्ही भोंग्याची यंत्रणा केली होती. वाडीच्या वरच्या अंगाला पाऊस मोजायचं यंत्र, खाली शाळेवर भोंगा. पाऊस ठरलेल्या पातळीपुढं गेला की भोंगा वाजतो, घराघरातले फोन वाजतात. डोंगर कधी खचेल ते कुणालाच सांगता येत नाही, पण माणसांना वेळेत बाहेर काढता येतं.

ही यंत्रणा चालवणारा प्रोग्रॅम सुप्रिया आढारी लिहायची. पोरगी घाटघरची. पुण्यात चार वर्षं नोकरी केली, मग वडील वारले आणि ती आईजवळ राहायला गावी परत आली. घाटघरात वीज येते-जाते, पण रेंज मात्र घरात मुळीच नाही. म्हणून आमचं असं ठरलं होतं की तिनं घरी बसून लिहायचं आणि दुपार कलली की लॅपटॉप पाठीला लावून वरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर चढायचं. तिथं हिरड्याच्या एका झाडाखाली दोन काड्या रेंज मिळते. तिथून तिनं दिवसभराचं काम माझ्या सर्व्हरवर ढकलायचं. आमच्या धंद्यात त्याला पुश म्हणतात.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. एकाच कामाच्या दोन प्रती असतात, एक तिच्याकडं, एक माझ्याकडं. ती पुश करते तेव्हा माझी प्रत तिच्या बरोबरीला येते. पण सर्व्हर एक गोष्ट बघतो. त्याच्याकडं तिच्या प्रतीच्या पुढचं काही आधीच आलेलं असेल, तर तो तिचं काम घेत नाही. तू मागं आहेस, आधी पुढचं खाली ओढून घे, मग ये, असं सांगून परत लावतो. एकाचं काम दुसऱ्यानं पुसू नये म्हणून हा नियम.

पण या कामावर दुसरं कुणी नव्हतंच. तिच्यापुढं जाणार कोण?

रोज दुपारी माझा फोन टिंग करायचा. 'सुप्रिया पोचली' असं मी मनाशी म्हणायचे आणि चहा ठेवायचे. श्रावणातल्या एका दुपारी तो असाच वाजला. काम आलं, मी उघडून पाहिलं. आंबेगावकडच्या एका वाडीचं यंत्र पावसात चुकीचे आकडे देत होतं, त्याची दुरुस्ती होती. नीटनेटकी होती. चहा पिऊन कप विसळत होते, तेवढ्यात सुप्रियाचा फोन आला.

"ताई, सर्व्हरला काय झालंय? माझं घेत नाहीये. तू मागं आहेस म्हणतोय."

"अगं, तुझं तर मघाशीच आलं."

पलीकडं नुसता वारा ऐकू येत होता.

"मघाशी कसं येईल?" ती म्हणाली. "मी आत्ता पोचलेय वर."

२

माणूस पहिल्यांदा स्वतःवरच संशय घेतो. तिला वाटलं, काल पुश करून आपण विसरलो असू. मला वाटलं, लॅपटॉपचं घड्याळ मागं-पुढं झालं असेल. पण मी जे आलं होतं ते वाचून दाखवलं आणि ती म्हणाली, "हे मी आज सकाळी चुलीपाशी बसून लिहिलंय. आईला विचारा."

तिनं माझ्याकडचं खाली ओढून घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. दुरुस्ती तीच होती. एका ठिकाणी तिनं घाईत तोडगा काढला होता, तिथं आलेल्या कामात शांतपणे विचार केलेला दिसत होता. नावं देण्याची पद्धत तिचीच, मध्येमध्ये मराठीत टिपण लिहायची सवयही तिचीच.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "उद्या परत बसले असते ना, तर मी हे असंच सुधारलं असतं."

हे ती सहज बोलली, पण ते वाक्य माझ्या डोक्यात संध्याकाळभर राहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मी तिची जुनी किल्ली रद्द केली. किल्ली म्हणजे सर्व्हरनं तिला ओळखायची खूण. नवी किल्ली पेनड्राइव्हमध्ये घालून घाटघरच्या जीपवाल्या कुंडलिकच्या हाती पाठवली. कुणी चोरून शिरत असेल तर आता बाहेरच राहील, म्हणून मी निर्धास्त होते.

ती किल्ली सुप्रियाच्या हातात पडली त्याच दुपारी काम आलं, नव्या किल्लीनं आलं. आणि थोड्या वेळानं तिचा फोन आला. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, दम लागला होता.

"ताई, आज मी पळत चढले. तरी कुणीतरी आधी पोचलं."

३

मी घाटघरला गेले. कुंडलिक वाटेत गाडीतल्या सगळ्यांशी बोलत होता, आपटाळे मागं पडल्यावर तोही गप्प झाला. धुई इतकी होती की जीवधन किल्ला उजवीकडं आहे हे फक्त ठाऊक होतं म्हणून होतं.

सुप्रियाचं घर गावाच्या कडेला. पुढं पडवी, आत चुलीची खोली, तिच्या पलीकडं एक अंधारी खोली, तिथं खिडकीपाशी तिचं टेबल. पागोळ्यांचा आवाज घरभर भरून राहिलेला. तिची आई तुकाबाई चुलीपुढं बसून नाचणीची भाकरी थापत होती. मला बघून म्हणाली, "या ताई. लई दिसांनी तुमचं पाय लागलं." मग लेकीकडं बघून, "आन् तू का हुबी? आत्ता तर जेवलीस."

सुप्रियानं माझ्याकडं पाहिलं. 

दुपारी आम्ही दोघी चढलो. वाट ओल्या कातळावरून जाते, पाय जपून टाकावा लागतो. अर्ध्यावर गावातली सरूबाई गुरं घेऊन बसली होती, डोक्यावरून घोंगडी घेतलेली.

"काय गं सुप्रिये," ती म्हणाली, "येकदा चढून भागत न्हाई व्हय तुजं? मगाशी गेलीस, आन् आता परत?"

"मघाशी कोण गेलं, काकू?" मी विचारलं.

"ही की. पाठीला पिशवी. मी हाक मारली तर हात केला निस्ता." सरूबाईनं सुप्रियाला खालपासून वरपर्यंत निरखलं. "उतरलीस कवा पर? वाट तर हीच येक हाय."

मी स्वतःला समजावलं की म्हातारीची नजर कमी झाली असेल, धुईत कुणाचंही कुणी दिसतं. हे सगळं खरं होतं. पण त्याच क्षणी माझ्या खिशातला फोन वाजला. रेंजच्या कडेला आलो होतो आम्ही. टिंग. काम आलं होतं.

हिरड्यापाशी पोचलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं. बारीक पाऊस पडत होता, सगळा सडा भिजून काळा झालेला. झाडाच्या बुंध्यापाशी एक बसका दगड आहे, सुप्रिया रोज त्यावर बसायची. त्या दगडाचा मधला भाग कोरडा होता. माणूस बसल्यावर जेवढी जागा झाकली जाते, तेवढाच. आम्ही बघत उभ्या राहिलो आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यावर एकेक थेंब पडत गेला. हळूहळू तो भाग इतर दगडासारखा काळा झाला.

सुप्रिया त्यावर बसली नाही. तिनं उभ्यानंच लॅपटॉप उघडला आणि पुश केलं. सर्व्हरनं नाकारलं.

४

संध्याकाळी पडवीत बसलो. तुकाबाई आतून चहा घेऊन आली. एकच कप होता, माझा.

"आई, मला?"

"मगाशी प्यालीस की गं चुलीम्होरं बसून." आणि मग लेकीचा चेहरा बघून ती थबकली. "परत पायजे का? ठेवते, त्यात काय." कुरकुर न करता ती आत गेली.

"चार दिवस झाले," सुप्रिया हळू आवाजात म्हणाली. "मी जेवायला बसायच्या आधी मी जेवलेली असते. परवा आईच्या डोक्याला तेल लावायला घेतलं, तर केस आधीच तेलानं चपचपीत. तिला विचारलं कुणी लावलं, तर हसायला लागली."

"आईंना विसरायला होत असेल."

"मीही हेच म्हणत होते." तिनं गुडघे पोटाशी घेतले. "ताई, कामाचं मला काही वाटत नाही. माझ्यापेक्षा चांगलं कुणी करत असेल तर करू दे. पण सर्व्हर काय म्हणतो? तू मागं आहेस. पुढचं आहे ते खरं, तुझं नंतर बघू. हे मशीननं म्हटलं तर मी खाली ओढते, मिळवून घेते, पुढं जाते. उद्या आई म्हणाली तर?"

 मी इंजिनिअर आहे. मला वाटलं, ज्याची भीती वाटते ते तपासून बघावं, म्हणजे भीतीची धार जाते. मी तिला म्हणाले, "उद्या तू चढूच नको. घरात बस, आईच्या समोर. तुझा लॅपटॉप मी घेते. मी आधी जाऊन वर बसते. लॅपटॉप माझ्यापाशी, किल्ली लॅपटॉपमध्ये, तू चुलीपाशी. मग बघू काय येतंय ते."

तिनं मान हलवली. आतून तुकाबाईचं बोलणं ऐकू येत होतं, रोज कामाच्या नादात माणूस बोलतं तसं. मला वाटलं, चुलीशी बोलतेय. मग लक्षात आलं की मध्येमध्ये ती थांबत होती. उत्तराला जेवढी जागा लागते, तेवढी.

आम्ही दोघी पडवीतच बसून राहिलो. आत जाऊन बघावं असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी मी एकटी वर गेले. लॅपटॉप प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत, पिशवी मांडीवर. दगडावर मी बसले नाही. झाडाच्या अलीकडं एक उंचवटा आहे, तिथं छत्री धरून, पाऊलवाटेकडं तोंड करून बसले. धुई येत-जात होती. कधी खालची भातखाचरं दिसायची, कधी माझेच पाय दिसायचे नाहीत. मी फोनकडं बघत होते. दोन काड्या, एक काडी, दोन काड्या.

वाटेवरून कुणी आलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

आवाज मागून आला. आधी पिशवीची चेन. मग चिखलाच्या चपला दगडावर घासल्याचा आवाज. मग लॅपटॉप उघडताना बिजागरी करते तो बारीक कुरकुर आवाज. हा आवाज मला पाठ होता, कारण तोच लॅपटॉप माझ्या मांडीवर बंद होता आणि पिशवी मी कोपरानं दाबून धरली होती.

कळा दाबल्याचा आवाज सुरू झाला. सुप्रिया टाइप करताना मध्येच थांबते आणि मग एका दमात पुढचं लिहिते. अगदी तसाच.

मान वळवणं किती सोपं असतं. मी स्वतःला सांगत होते, वळ. चेहरा बघ, म्हणजे संपलं. पण मनात दुसरा विचार आला. तो सुप्रियाचाच चेहरा निघाला तर मी काय करणार? खाली जाऊन तिला काय सांगणार?

फोन माझ्या हातात वाजला. टिंग.

"झालं, ताई," मागून आवाज आला. दमलेला आवाज होता, कामावरून परतलेल्या माणसाचा. त्यात वाईट असं काहीच नव्हतं. "तिला सांगा, आता चढू नको म्हणावं. पाय घसरतो तिचा."

मग चेन लागली. चपला माझ्या डावीकडून गेल्या, हात लांबवला असता तर लागल्या असत्या इतक्या जवळून. धुईत मला वेणीचं टोक दिसलं, भिजलेली पिशवी दिसली, आणि चपलेच्या टाचेपाशी लाल दोऱ्यानं घातलेला टाका दिसला. एवढंच. ती उताराला लागली. घराच्या दिशेनं.

तेव्हा मात्र मी उठले. घरात सुप्रिया आहे हे आठवलं आणि मी त्या कातळावरून धावत सुटले.

६

वाटेत सरूबाई भेटली नाही. दोनदा पडले, हात खरचटले. दारात पोचले तेव्हा चुलीची खोली धुरानं भरलेली होती आणि तुकाबाई फुंकणीनं जाळ काढत होती.

"सुप्रिया कुठंय?"

"आत हाय. आत्ता आली."

"आत्ता आली? ती घरातच होती ना, मावशी? तुमच्या समोर?"

तुकाबाईनं फुंकणी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, आतल्या खोलीकडं बघितलं. "व्हती की," ती म्हणाली. "आन् आली बी."

सुप्रिया टेबलापाशी बसली होती. केस ओले होते, टॉवेलनं पुसत होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "न्हायले आत्ता. ताई, हाताला काय लागलं तुमच्या?"

मी तिच्या पायांकडं पाहिलं. अनवाणी होती. दारातल्या चपला बघायला मी वळले, तर तिथं आम्हा सगळ्यांच्याच चपला एकमेकींत मिसळून पडल्या होत्या, चिखलानं माखलेल्या. लाल टाका बघायला मी एक उचलली आणि पुसायच्या आधीच खाली ठेवली.

"कुणी आलं होतं का वर?" तिनं विचारलं.

खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "पण तू आता इथं राहू नको. माझ्याबरोबर आळेफाट्याला चल. नवा लॅपटॉप घेऊ, ऑफिसातून काम कर. चढायचं-उतरायचं नकोच."

मला वाटलं होतं, ती आईला सोडून येणार नाही. पण ती लगेच उठली आणि कपडे भरायला लागली. जुना लॅपटॉप मी पिशवीतून काढून दिला, तर तो तिनं टेबलावर ठेवला. "राहू दे हा इथं," ती म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तुकाबाई आम्हाला जीपपर्यंत सोडायला आली. "मावशी, तुम्ही एकट्या पडाल," मी म्हणाले.

"येकटी कशानं?" ती म्हणाली, आणि पदर सावरून परत फिरली.

७

आळेफाट्याला सगळं सुरळीत झालं. सुप्रिया ऑफिसाच्या मागच्या खोलीत राहायची. काम चोख करायची, कधी नव्हे इतकं चोख. पूर्वी तिच्या हातून बारीकसारीक चुका व्हायच्या, त्या आता होत नव्हत्या. माझ्याशी हसून बोलायची. खालच्या कॉम्प्रेसरचा आवाज आला की दचकायची नाही, आणि मला आठवत होतं की पूर्वी ऑफिसला यायची तेव्हा दर वेळी दचकायची.

एके दिवशी मी दुसऱ्याच कामासाठी सर्व्हरची नोंद उघडली. कोण आलं, कोण गेलं, हे सर्व्हर आपणहून टिपत असतो. रोज दुपारी एक जण येत होतं. घाटघरला राहिलेल्या लॅपटॉपच्या किल्लीनं. दार वाजवायचं, तू मागं आहेस हे ऐकून घ्यायचं आणि परत जायचं. आम्ही आलो त्या दिवसापासून एकही दुपार चुकली नव्हती. पावसाची, वीज नसलेली, सणाची, कुठलीच नाही.

हिरड्याखालच्या दगडापाशी कुणीतरी रोज उभ्यानं लॅपटॉप उघडत होतं.

माझ्या समोर बसलेल्या सुप्रियाकडं मी पाहिलं. आपण पोरीला वाचवून घेऊन आलो, असं मी इतके दिवस धरून चालले होते. मी तिथून कुणाला आणलं आणि कुणाला ठेवलं, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा नीट समोर आला.

"तुझ्या घाटघरच्या किल्लीनं कुणीतरी यायला बघतंय," मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाले.

"माहितीये."

"बंद करू ती किल्ली?"

तिनं पडद्यावरून नजर काढली नाही. "सर्व्हर तुमचा आहे, ताई. मी कसं सांगू?"

किल्ली काढून टाकायला एक ओळ पुरते. मी ती लिहिली. मग तशीच बसून राहिले. कोण आहे ते ठाऊक नसताना दार बंद करणं आणि कोण आहे ते ठाऊक असताना बंद करणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मला ठाऊक होतं की नव्हतं, तेही मला सांगता येईना. मी ती ओळ पुसली.

८

तुकाबाई एसटीनं आली, जुन्नरला गाडी बदलून. ऑफिसात ती पहिल्यांदाच येत होती. हातात कुर्डूच्या भाजीच्या जुड्या आणि फडक्यात बांधलेले, भात कांडून केलेले थोडे पोहे. लेकीजवळ बसली, तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, कानशिलावर बोटं मोडली. दोघी पोटभर बोलल्या, हसल्या. मला बरं वाटलं. आईला शंका असती तर ती अशी बोलली नसती.

निघताना मी तिला जिना उतरायला हात दिला. मधल्या वळणावर ती थांबली. खाली कॉम्प्रेसर सुरू होता, तो बंद होईपर्यंत वाट बघितली.

"ताई, ही लई ग्वाड हाय," ती म्हणाली. "काय बी कमी न्हाई हिच्यात. तुमी नीट सांभाळताय."

"तुमचीच लेक आहे, मावशी."

"व्हय. पर ती बी हाय ना." तिनं माझा हात घट्ट धरला. "ती दुपारची वरनं उतरती. ताट वाढून ठेवते मी. जेवती, पर बोलत न्हाई आताशा. येवढं चढून जाती, आन् रोज पडल्या तोंडानं परत येती. तुमी तिचं काम घेत न्हाई म्हनं."

मी एक पायरी खाली उतरून तिच्यासमोर आले.

"मावशी, दोघींतली तुमची कुठली?"

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "आईला असं इचारत्यात का?" ती म्हणाली. "तिचं काम तेवढं घ्या. हिच्या जाग्यावर नगं. येगळं ठेवा कुटं तरी. पर परत लावू नगा."

आणि ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली.

९

वेगळं ठेवायची सोय आमच्यात असते. त्याला ब्रँच म्हणतात. मूळ कामातून फुटलेली वाट, तिच्यावर कुणी काही आणलं तर मूळ कामाला धक्का लागत नाही. मी घाटघरच्या किल्लीसाठी अशी एक वाट काढून ठेवली, आणि त्या किल्लीनं येईल ते परत न लावता तिकडं वळवलं. सुप्रियाला काही सांगितलं नाही.

दुपारी फोन वाजला. टिंग. सुप्रियाची बोटं थांबली, पण तिनं मान वर केली नाही.

आलेलं काम एवढंसं होतं. घाटघरजवळच्या उंबरवाडीची पावसाची पातळी खाली आणली होती, बाकी काही नाही. सोबत एक टिपण. उंबरवाडीच्या वरच्या अंगाला नवा झरा फुटलाय, पाणी गढूळ येतंय, भोंगा लवकर वाजू दे. ते शांत, विचारपूर्वक लिहिलेलं नव्हतं. घाईत होतं, एका ठिकाणी काना राहिला होता. सुप्रियाची जुनी चूक.

मी उंबरवाडीतल्या शाळेच्या बाईंना फोन लावला. "झरा? हो, आहे की," त्या म्हणाल्या. "कालच पोरांनी दाखवला. तुम्हाला कसं कळलं?"

मी तो आकडा उंबरवाडीच्या यंत्रावर चढवला. त्याच आठवड्यात एका सकाळी भोंगा वाजला. जुन्या पातळीनं तो वाजला नसता. लोक कुरकुरत शाळेत जाऊन बसले. दुपारपर्यंत वरची बाजू सरकून खाली आली. एक गोठा गेला, दोन घरांच्या भिंती गेल्या. माणूस एकही गेलं नाही.

हे सगळं मी सुप्रियाला दाखवलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं ते काम उघडलं आणि फार वेळ वाचत राहिली, जेवढ्या ओळी होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

"मला इथून हे दिसलं नसतं," ती शेवटी म्हणाली. "मी सगळं बरोबर करते, ताई. पण मला पाण्याचा वासच येत नाही." तिचे डोळे भरले होते. तिला रडताना मी आळेफाट्याला पहिल्यांदाच पाहिलं. "दोन्ही एकत्र करा."

"आणि तिचं काय होईल?"

"माझं काय होईल, ते नाही विचारलंत."

दोन वाटा एकत्र करण्याला मर्ज म्हणतात. मी हजारदा केलंय. त्या दिवशी बोटं कळांवर ठेवून मी तिच्याकडं बघितलं, तिनं मान हलवली, आणि मी केलं. कुठं अडलं नाही. दोन्हीकडचं एकमेकांत बसलं, जणू मुळात एकच होतं.

खोलीत काही बदललं नाही. बाहेर कोरडं ऊन होतं, रस्त्यावर टोमॅटोच्या गाड्या उभ्या होत्या. खाली कॉम्प्रेसर एकदम सुरू झाला, आणि सुप्रिया दचकली.

मग तिनं लॅपटॉप मिटला. पिशवी उचलली. कुणीतरी वाट बघत असल्यासारखी तिची घाई चालली होती.

"कुठं निघालीस?"

"घरी. उशीर झाला आज." ती चपला घालत होती, माझ्याकडं पाठ होती. "आई ताट वाढून बसली असेल."

जिन्यातलं ते बोलणं मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"जीप मिळेल का आता? उद्या जा," मी म्हणाले. पण ती दाराबाहेर पडली होती. पायऱ्यांवर चपला वाजत गेल्या. मधल्या वळणावर त्या थांबल्या, आणि मला तिचा आवाज ऐकू आला. मोठ्यानं, खुशीत, लांबून आलेल्या हाकेला ओ द्यावी तसा.

"आले गं आई, वाढ तू."